शंभरच्या आत

"अण्णा, आमच्या मीटरला पण येईल का हो थोडी?" खालच्या वहिनींनी विचारलं तेव्हा गच्चीवर सोलर बसून झालं होतं, वायरमन अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकत होता आणि आई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. अण्णा एकदम गप्प झाले. त्यांना उत्तर माहीत होतं, वायरमनलाही माहीत होतं, पण पटकन कुणी बोललं नाही. मग वायरमनच म्हणाला, "नाय वहिनी, ते मीटर वेगळं पडतं ना." वहिनी म्हणाल्या, "हा, तसंच असणार म्हणा," आणि पोराला शाळेतून आणायला गेल्या. इतकंच झालं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर, त्या खाली दोन खोल्यांत भाड्याने. ऊन एकच, स्लॅब एकच, जिना पण एकच, आणि एका मीटरला वर्षाचे तीसेक हजार वाचणार आणि त्याच भिंतीवर वीतभर अंतरावर लावलेल्या दुसऱ्या मीटरला एक रुपया नाही.

घर कराडजवळ मलकापूरला. मी पुण्यात असते पण हे सोलरचं सगळं मीच लावून धरलेलं, कारण उन्हाळ्यातली लाईटबिलं बघून अण्णांचा जीव वर-खाली व्हायचा आणि रिटायर झालेल्या माणसाने कूलर लावावा की नको याचा रोज विचार करत बसावं हे मला बघवत नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि कराडात सोलरवाल्यांचे बोर्ड जिकडेतिकडे दिसायला लागले, रिक्षाच्या मागे, रसवंतीच्या शेडवर, अगदी सलूनच्या आरशावर सुद्धा. केंद्राची सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही बसवा, तेवढेच. हा ७८,००० चा आकडा आता इकडे पोराटोरांना पाठ आहे. पण बोर्डावर जे लिहिलेलं नसतं ते असं की पैसे आधी आपण सगळे भरायचे, मग सोलर चालू होऊन, नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या विजेतून आपण दिलेली वजा करणारं मीटर लागून, पोर्टलवर सगळं चढलं की सबसिडी खात्यात येते. अण्णांनी त्यासाठी एक एफडी मोडली. बँका योजनेत तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याजही तेव्हा साधारण सात टक्क्यांच्या आसपास होतं, घरकर्जापेक्षा कमीच. पण अण्णांच्या पिढीला कर्ज या शब्दाचीच धास्ती, तिथे मी जास्त वाद घातला नाही.

कोटेशनं आली तेव्हा कळलं की पॅनलमध्ये पण जाती आहेत. सबसिडी पाहिजे तर डीसीआर पॅनलच लागतं, म्हणजे आतले सेल पण भारतात बनलेले आणि पॅनल पण. बाहेरचे सेल आणून इथे जोडलेलं पॅनल स्वस्त पडतं पण त्याला सबसिडी नाही. एका वेंडरने अण्णांना सरळ सांगितलं की काका, सबसिडीच्या नादाला लागू नका, मी तुम्हाला तसंच स्वस्तात बसवून देतो. हिशेब मांडून बघितला तर घरगुती माणसाला डीसीआरच परवडत होतं. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास गेलं, त्यात सबसिडी वजा जाता सव्वा लाखाच्या आत-बाहेर. ५४० वॅटची सहा पॅनल, एकेक जवळजवळ साडेसात फूट लांब आणि दोन माणसांनी नीट धरूनच जिन्यातून वर न्यायचं इतकं जड. आणि त्यात आईची एक अट होती. गच्ची मोकळी राहिली पाहिजे. कुरडया, सांडगे, वर्षाची मिरची, डाळ, सगळं वाळवण तिथेच होतं आणि आमच्याच काय, वहिनींचं आणि शेजारच्या दोन घरांचं पण. म्हणून स्ट्रक्चर उंच करून घेतलं, खालून माणूस उभा चालेल असं, आणि त्याचे वेगळे पैसे मोजले. वेंडर म्हणत होता खाली बसवलं असतं तर वाचले असते. मला ते पैसे अजिबात जड वाटले नाहीत. गच्ची म्हणजे नुसती पॅनल ठेवायची जागा आहे असं ज्याला वाटतं त्याने मार्चमध्ये कराडात एखाद्या घराच्या गच्चीवर सकाळी जाऊन बघावं.

परसातल्या नारळाची सावली दुपारनंतर गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर यायची. एका पॅनलवर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांची पण ताकद कमी होते असं वायरमन म्हणाला, झाड काढायचं का म्हणून विचारलं, आईने नुसतं त्याच्याकडे बघितलं. पॅनलं दुसऱ्या बाजूला सरकली.

मला या सगळ्यात सारखं जुनं भारनियमन आठवत होतं. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी तालुक्याच्या गावांत काढलीत त्यांना सांगायला नको. वेळापत्रक पेपरात यायचं, त्यावर शाळेचा अभ्यास, दळण, पाण्याची मोटर, सगळं बसवायचं. गॅसबत्तीच्या उजेडात गणितं सोडवताना कागदाला येणारा तो रॉकेलचा वास मला आजही येतो. आणि आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर कोयना. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणून पुस्तकात धडा असायचा आणि तो धडा आम्ही अंधारात वाचायचो. वहिनींच्या सासरचं गाव तिकडंच, पाटण तालुक्यात, डोंगरावर. त्यांच्या नात्यातली काही घरं धरणात उठली आणि पुनर्वसनाची कागदं घेऊन त्यांची तिसरी पिढी अजून कचेऱ्यांत जाते. वीज जिथे तयार होते तिथल्या माणसाला ती सगळ्यात शेवटी मिळते, हे आमच्या भागाला नवीन नाही. म्हणूनच बहुतेक वहिनींचं ते "तसंच असणार म्हणा" मला इतकं लागलं. त्यात तक्रार नव्हती. सवय होती.

पहिलं बिल आलं तेव्हा अण्णांनी मला फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला. महावितरणचं बिल ज्याने निरखून बघितलंय त्याला त्यातल्या ओळी माहीत असतील, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आमचं महिन्याला अडीचशे युनिटांच्या घरात जायचं. २०२४-२५ च्या दराने पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे, मग स्थिर आकार आणि सगळ्यावर १६ टक्के शुल्क. एकूण २,८०० च्या आसपास. आणि आता हातात आलेलं बिल दीडशेच्या घरात, म्हणजे नुसता स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क. वीज आकाराच्या पुढे शून्य. अण्णा फोनवर म्हणाले, "अगं, शून्य लिहिलंय." आयुष्यभर तारखेच्या आत बिल भरून पावत्या दाभणाला लावून ठेवणारा माणूस, त्यांचा आवाज असा मी फार वेळा ऐकलेला नाही. त्या हिशेबाने सव्वा लाख चार वर्षांत फिटतात, पॅनलची हमी पंचवीस वर्षांची, पाच वर्षं देखभाल वेंडरच्या गळ्यात. पैशाच्या बाजूने बघितलं तर आमच्यासारख्या घराला यात नाही म्हणण्यासारखं काहीच नाही, आणि ज्याच्या नावावर घर आहे, स्लॅब आहे आणि महिन्याला दोन-अडीचशे युनिट जातात त्याने हे बसवावंच असं मी कुणालाही बिनधास्त सांगते.

आई बदलली. हे मला अपेक्षित नव्हतं. जन्मभर "तो पंखा कोण बंद करणार" म्हणत खोल्याखोल्यांतून फिरणारी बाई आता दुपारी इस्त्री काढून बसते, गॅस वाचवायला इंडक्शनवर डाळ शिजवते. मार्च आला की तर तिची घाईच सुरू होते. वर्षभर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत राहतात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि जे उरलं त्याचे महावितरण अगदी कमी भावाने पैसे देतं. म्हणून ती म्हणते, "त्यांना स्वस्तात देण्यापेक्षा आपणच वापरू." आणि पहाटे उठून पॅनलं पण तीच धुते. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना ही भानगड माहीत असेल, हंगाम सुरू झाला की फडातलं पाचट पेटतं आणि काळ्या काड्या अलगद उडत येऊन अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर, सगळीकडे बसतात. पॅनलवर ते काळं आणि दव मिळून चिकट थर होतो, युनिटं कमी पडायला लागतात. काच तापल्यावर गार पाणी मारायचं नाही म्हणून उजाडायच्या आत पाईप घेऊन वर जायचं, थंडीच्या दिवसांत, साठी ओलांडलेल्या बाईने. मी म्हटलं कुणाला तरी लाव कामाला, तर म्हणाली मला बरं वाटतं वर, सदाशिवगड दिसतो.

आणि लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं, हेही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. मे महिन्यात डीपी उडाली आणि भर दुपारी, ऊन नुसतं भाजून काढत असताना, आमचे पंखे बंद. आई म्हणाली, "एवढं ऊन पडलंय आणि आपल्याकडे लाईट नाही?" त्याचं कारण बरोबर आहे, बाहेर पोलवर लाईनमन काम करत असतो, घराघरांतून वीज तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ग्रीड, म्हणजे महावितरणची बाहेरची लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर घर चालू राहतं पण बॅटरीला सबसिडी नाही आणि खर्च एकदम वर जातो. कारण ऐकल्यावर आई शांत झाली. लाईनमनचं नाव आलं की ती लगेच समजून घेते, आमच्या गल्लीतल्याला ती पावसात चहा देते.

आता वहिनींचं.

त्यांच्याकडे एक फ्रिज, एक टीव्ही, दोन पंखे, ट्यूब, आणि शिलाई मशीन. ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, मशीनला मोटर आहे. महिन्याचं बिल त्या शंभर युनिटांच्या आत ठेवतात. ठेवतात म्हणजे खरंच ठेवतात. महिना संपत आला की जिन्याखाली जाऊन मीटरचा आकडा बघतात, गेल्या बिलातला आकडा त्यातून वजा करतात आणि नव्वदच्या पुढे गेलेलं दिसलं की त्या आठवड्यात मोटर काढून मशीन पायाने चालवतात. मी त्यांना सांगितलं होतं की शंभरच्या वर गेलं तर फक्त वरच्या युनिटांना जास्त दर लागतो, सगळ्याला नाही. त्यांना ते माहीत होतं. "पण वरचं एक युनिट जवळजवळ खालच्या दोनाएवढं पडतं ना ताई?" म्हणाल्या. बरोबरच आहे. रात्री त्या मशीनचा पायाने चालवल्याचा खडखड आवाज वरपर्यंत येतो, आणि सोलर बसल्यापासून तो मला जास्त ऐकू येतो.

एकदा रात्री बसून मी दोन्ही घरांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडला. आमच्या घरात सोलरचं एक युनिट आलं की ते आमचं वरच्या दराचं युनिट वाचवतं. १० रुपये २९ पैसे अधिक वहन आकार, त्यावर शुल्क, म्हणजे १३ रुपयांच्या थोडं वरच. वहिनींच्या घरात तेच युनिट आलं असतं तर त्यांचं खालच्या दराचं युनिट वाचलं असतं, ४ रुपये ७१ पैसे अधिक वहन अधिक शुल्क, सात रुपयांच्या आत. तेच पॅनल, तेच ऊन, आणि त्याची किंमत जास्त वापरणाऱ्याला जवळजवळ दुप्पट. यात कुणाचा डाव नाही. दराचा खालचा स्लॅब, म्हणजे पहिली शंभर युनिटं, स्वस्त ठेवलाय तो गरिबाला वीज परवडावी म्हणूनच, आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण त्यामुळेच काटकसर करणाऱ्याला सोलरचा फायदा कमी आणि एसी लावणाऱ्याला जास्त असं उलटं होऊन बसतं. तीनशेच्या, पाचशेच्या वरच्या स्लॅबवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांचे पैसे बघता बघता वसूल होतात. म्हणून शहरात सगळ्यात आधी बंगल्यांवर पॅनलं दिसली.

आणि याच्या मागे अजून एक गोष्ट आहे जी मला जास्त टोचते. वरच्या स्लॅबवाले जास्त दर भरतात, दुकानं-कारखाने जास्त भरतात, त्या पैशातून खालच्यांची वीज स्वस्त राहते. आता वरच्या स्लॅबमधली माणसं एकेक करून सोलरवर गेली, आमच्यासारखी बिलात शून्य आणून बसली, तर महावितरणचे खांब, तारा, डीपी, लाईनमनचा पगार हे सगळं कुणी भरायचं? आम्ही रात्री ग्रीडचीच वीज वापरतो, दिवसा आमची तिकडे पाठवतो, म्हणजे ते आख्खं जाळं आमच्यासाठी बॅटरीचं काम करतंय आणि त्याचे आम्ही महिन्याला दीडशे रुपये देतोय. वीज कंपन्या जेव्हा म्हणतात की नेट मीटरिंगने आमचं नुकसान होतं तेव्हा सोलरवाले चिडतात, मीही चिडायचे. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. उद्या दर वाढवताना ते खालच्या स्लॅबवर आले तर आमच्या गच्चीवरच्या पॅनलचा थोडासा भार वहिनींच्या शिलाईवर पडेल. मला सोलर पाहिजे, कोळसा कमी जळायला पाहिजे, अण्णांचं बिल शून्य पाहिजे. आणि हे असं होऊ नये असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्याची सोडवणूक मला तरी अजून सापडलेली नाही.

काही करता येईल का म्हणून आम्ही बघितलं. अण्णा म्हणाले की खालच्या मीटरला एक किलोवॅट वेगळं बसवू. पण एका कुटुंबाला सबसिडी एकदाच, ती आमची घेऊन झालेली, आणि ते दुसरं मीटर पण अण्णांच्याच नावावर. म्हणजे पूर्ण खर्च पदरचा, साठ-सत्तर हजार. वहिनींचे महिन्याला वाचणार पाचशे-साडेपाचशे. दहा वर्षांच्या आसपास पैसे फिटणार, आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा. खर्च मालकाने करायचा आणि बिल वाचायचं भाडेकरूचं, मग मालक कशाला करेल? आणि भाडेकरू दुसऱ्याच्या स्लॅबवर कशाला पैसे घालेल? प्रत्येक शहरात निम्म्या लोकांचं सोलर या एका गाठीत अडकलंय असं मला वाटतं. अण्णांनी तरी विचारलं, "भाडं थोडं वाढवून देता का, मी बसवतो." वहिनी म्हणाल्या, "अण्णा, उद्या आम्ही गेलो तर?" मग आई म्हणाली दिवसा मशीन वर आणून आमच्या प्लगवर शिव. तेही त्यांनी हसून टाळलं. कुणाच्या घरात बसून रोज शिवणं, कुणाचं तरी उपकाराचं युनिट, नको वाटलं असणार. मला त्यांचं ते नको म्हणणं आवडलं आणि वाईटही वाटलं.

माझा मामेभाऊ म्युनिकला असतो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. त्याने बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल लटकवली आहेत आणि त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये. तिकडे ८०० वॅटपर्यंत असं चालतं, २०२४ मध्ये त्यांनी नियम सोपे केले आणि घरमालकाला उगाच आडकाठी करता येणार नाही असा कायदा पण केला. २०२३ पासून सोलरवर व्हॅट सुद्धा शून्य. घर बदललं की पॅनल खाली काढून टेम्पोत टाकून पुढच्या घरी. तो फोनवर ते दाखवत होता तेव्हा मी वहिनींच्या खिडकीचा विचार करत होते. अगदी तसंच इकडे व्हावं असं नाही म्हणत, आमच्याकडचं वायरिंग बघता कुणी काहीही प्लगमध्ये खुपसायला लागलं तर भीतीच वाटेल. पण सोलर घरमालकाचं असायला पाहिजे हा काही निसर्गाचा नियम नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. दिल्लीत २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम आहेत, म्हणजे पॅनल एका जागी, त्याची युनिटं वेगवेगळ्या मीटरांना वाटून जमा होतात. आमच्या एका भिंतीवरच्या दोन मीटरांना एवढंच पाहिजे होतं. आईची मार्चमध्ये उरणारी युनिटं खाली वीतभर सरकली असती तर कुणाचं काय गेलं असतं?

पुण्यात माझ्या सोसायटीत पण हा विषय निघालाय. सोसायटीला सामायिक मीटरसाठी किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, पार्किंगमधलं गाडीचं चार्जिंग, सगळं त्यात बसतं. मीटिंगमध्ये बराच वेळ पाण्याच्या टाकीची सावली आणि गच्चीवर कपडे कोण वाळत घालतं यावर गेला. मी एकच मुद्दा मांडला की मेंटेनन्स जितका कमी होईल तितका भाडेकरूंनाही कमी व्हावा, निम्मे फ्लॅट भाड्यानेच आहेत. काही मालकांनी माना डोलावल्या, काहींनी विषय पुढे ढकलला. मी तो परत काढणार आहे, ठरावात लिहून घेईपर्यंत.

मध्ये दोन बातम्या आल्या. २०२५ च्या सप्टेंबरात सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, आमच्यानंतर बसवणाऱ्यांना काही हजार तरी कमी पडले. आणि राज्याची स्मार्ट योजना आली, शंभर युनिटांच्या आतल्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. एक किलोवॅट, अंदाजे ५०,००० खर्च, त्यात केंद्राचे ३०,०००. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे १७,५००, म्हणजे स्वतःचे फक्त २,५००. बाकीच्या शंभरच्या आतल्यांमध्ये खुल्या गटाला राज्याचे १०,००० आणि स्वतःचे १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना राज्याचे १५,००० आणि स्वतःचे ५,०००. मला खरंच आनंद झाला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी जो कमी वापरतो त्याच्याकडे बघून योजना आखली. काटकसर करणाऱ्याला जास्त मदत, हे मला पटतं. मी वहिनींना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घर स्वतःचं लागत असेल ना ताई?"

स्वतःचं घर आहे त्यांचं, पाटणकडं गावी. ६७ च्या भूकंपानंतर बांधलेलं, पत्र्याचं, आता तिथे एकट्या सासूबाई. त्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, शंभरावर घरं आणि सगळी सोलरवर, त्यामुळे हे असं होतं यावर त्यांच्या गावात कुणाला शंका नाही, माणसं जाऊन बघून आलीत. सासूबाईंचं तीस-चाळीस युनिटंच जळतं, पण वहिनींचा विचार पुढचा आहे, पोराची दहावी झाली की गावी परत जायचं, घरघंटी घ्यायची, मशीन तिथेच लावायचं. मोटरसकट. मी म्हटलं मग आत्ताच अर्ज करू. तर बिल बघितलं आणि ग्राहकाचं नाव निघालं त्यांच्या आजेसासऱ्यांचं, ज्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. गावाकडच्या निम्म्या मीटरांवर अशीच गेलेल्या माणसांची नावं आहेत. बिल आजोबांच्या नावाने येतं, नातू भरतो, कुणाचं अडत नाही, अडतं ते असं काही करायला गेलं की. अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याने करायचा, सबसिडी त्याच्या खात्यात. म्हणजे आधी नाव बदल, त्यासाठी मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा, आणि घर सामाईक म्हणून वहिनींच्या नवऱ्याच्या तिन्ही भावांची संमती.

मी स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र टाईप करून पाठवलं. थोरले दीर गणपतीतच सही देतो म्हणाले होते आणि त्यांनी दिली. मधल्यांनी पण दिली, फक्त विचारलं की पत्र्यावर वजन झेपेल का, तेही बरोबरच आहे, खालचे पाईप जुने आहेत, आधी दोन नवीन टाकावे लागतील. धाकटे घाटकोपरला असतात. त्यांना वाटतंय की मीटर भावाच्या नावावर गेलं म्हणजे घर पण गेलं. वहिनी म्हणतात त्यांचं पण चुकत नाही, भाऊबंदकीत अशी घरं गेलेली आहेत. अण्णांनी त्यांच्याशी फोनवर बोलायचं कबूल केलंय, बिलावरचं नाव म्हणजे मालकी नाही हे संमतीपत्रातच एक ओळ घालून द्या म्हणाले, ती ओळ मी काल घातली आणि परत पाठवली. रविवारी ते गावी येणार आहेत, वहिनी पण दुपारच्या एसटीने जातायत, पत्र्याचं माप घ्यायला वायरमनला सोबत घेऊन.